सर्वणच्या छपरांवरून आलेली वीज

बाबा, आज भर दुपारी सर्वणची वीज उलटी चालली. रोज डिचोलीहून गावात येते, ती आज गावच्या छपरांवरून डिचोलीकडे गेली, आणि तिची वाट मी आखली होती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी तेव्हा दहावीत होते. आता, तुम्ही लाईनमन होतात त्याच वीज खात्याच्या नियोजन विभागात अभियंता आहे, घरातली पहिली पदवीधर. आई शेजारणींना अजून सांगते, "बापायच्याच खात्यात लागलां चेडूं, पण खुर्चेर."

आपल्याकडे वीज येते ती बहुतेक बाहेरून, कोळसा जाळून केलेली. ती कमी करायची म्हणून खात्याने गावागावांसाठी आराखडे करायला घेतले: घरांवर सौर पॅनेल, शेतीचे पंप दुपारच्या उन्हात, आणि उरलेली वीज साठवायला डिचोलीच्या सबस्टेशनात बॅटरी. सर्वणचा आराखडा माझ्याकडे आला. मी महिनाभर घराघरांत फिरले, छपरं मोजली, कुळागरांतले, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांतले, पंप मोजले. मग लाईनमनांची बैठक बोलावली आणि मोठ्या उत्साहाने नकाशा उलगडला. तुमच्याबरोबर पेडण्यात काम केलेले काका आता डिचोलीत आहेत. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाये, आदीं पावर एकाच वाटेन येताली. ती बंद केली की आमी चडताले. आतां तूं घराघरांत सबस्टेशन बसयता. खंयची वाट बंद करची आमी?" मी म्हटलं, लाईन बंद झाली की घरातलं पॅनेलचं यंत्रही आपोआप बंद होतं. "आपोआप!" काका हसले. "मगीर यंत्राकच चडय खांब्यार." सगळे हसले, पण त्या लाईनवर आपण चढणार नाही असं सांगूनच उठले. लाईनमन नाहीत तर आराखडा म्हणजे नुसता कागद.

मला राग आला होता. जुनी माणसं नव्याला घाबरतात, असं मनात म्हणत मी घरी गेले. आई चहा गाळत होती, ताटलीत उंडे पाव होते, आणि एकदम तेरेखोलचा दिवस आठवला. मी सातवीत, सुट्टीत तुमच्या मागे लागून आलेली. तुमची शिडी फेरीबोटीत आडवी ठेवलेली, आणि लोक तिच्यावरून पाय उचलून जातायत. पलीकडे पोचल्यावर सबस्टेशनातून निरोप येतो, लाईन बंद. तरी तुम्ही चढत नाही, पिशवीतून साखळी काढत बसता. मला भूक लागलेली, मी म्हणते, "बंद आहे ना बाबा? चढा की!" तुम्ही वळून असे बघता की मी दोन पावलं मागे सरते. "कोणी सांगलां तुका बंद आसा म्हणान? बंद केली आनी बंद जाली, ह्यो दोन वेगळ्यो गजाली." साखळीचं एक टोक जमिनीत रोवलेल्या सळईला बांधून दुसरं तुम्ही काठीने तारांवर टाकता, आणि फट्ट करून ठिणगी उडते. जेट्टीजवळच्या दुकानदाराने जनरेटर चालू केलेला होता, त्याची वीज उलटी तारेत आलेली. तुम्ही त्याला एक शिवी हासडली आणि मग मला जवळ घेतलं.

ते आठवलं आणि चहा तसाच राहिला. मी आराखड्यात एक प्रकरण वाढवलं. पॅनेल असलेल्या प्रत्येक घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कुलूप लागणारा स्विच, किल्ली लाईनमनच्या कमरेला. लाईनच्या प्रत्येक फाट्यावर तार जमिनीला जोडायची कायमची जागा. ती जोडल्याशिवाय कुणी चढायचं नाही. साहेब म्हणाले, "हे काढा हो, दोन महिने लांबेल. यंत्राचं प्रमाणपत्र आहे ना?" मी म्हटलं, "सर, चढणाऱ्यांना तुम्ही विचारा. ते हो म्हणाले तर काढते." मला उलट बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी आराखडा पुढे ओढला आणि सही केली. अडीच महिने लागले.

आज चाचणी होती. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. लाईन बंद केली, स्विचना कुलपं लावली. काकांनी काठीच्या टोकाचं टेस्टर तारेला लावलं. काही नाही. तार जमिनीला जोडली. ठिणगी नाही. मग ते चढले, वर हात मोकळे करून ओरडले, "लाईन मेली गे बाये, सामकी मेली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा लाईन सुरू केली, तर कुळागरांतले सगळे पंप चालू असूनही मीटर दाखवत होता की उरलेली वीज डिचोलीकडे जातेय. पुढच्या वर्षी तुये आणि पेडण्याची गावं याच पद्धतीने करायची, हे साहेबांनी तिथेच सांगून टाकलं.

काका उतरले, घाम पुसला, आणि शिडी माझ्याकडे वळवून म्हणाले, "लाईनमनाची चली तूं. चड, वयल्यान बघ तुजें काम." सगळे बघत होते. मी म्हटलं, साहेबांना लगेच अहवाल द्यायचा आहे.

अहवाल उद्या द्यायचा होता, बाबा. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून लिहिते: मला उंचीची भीती वाटते. तिसऱ्या पायरीपलीकडे मी कधीच गेलेली नाही.