पापय्यामामांना लागलेला ठसका

तीर्थरूप तवितय्यामामा यांच्या पायांवर कोत्तपालेमहून भाचा सिंहाद्री याचं डोकं. (डोकं ठिकाणावर आहे, पापय्यामामा काहीही सांगोत.) मामींचे गुडघे कसे आहेत? काजू यंदा बरा धरला का? नीलवेणी खुशाल असेलच. तिची चौकशी मी करत नाही, नुसतं लिहितोय. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही “खोकतोस का रे?” एवढंच विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून देता. म्हणून हा कागद.

मला बघायला आलेल्या तुमच्या चुलतभावानं, म्हणजे पापय्यामामांनी, तिकडे परत जाऊन सांगितलं म्हणे की सिंहाद्रीच्या छातीत रोग आहे, त्याला मुलगी देऊ नका, शिवाय त्यानं मला धुरात कोंडून मारायला काढलं होतं. मामा, झालं ते असं. माघ लागला की या गावात मिरची खळ्यावर वाळायला पडते. वारा सुटला की तिचा खकाणा उठतो आणि भातात, अंथरुणात, देवाच्या डोळ्यांत जाऊन बसतो. सकाळचं धुकं त्याला वर जाऊ देत नाही, आणि संध्याकाळी लोक कापसाच्या पऱ्हाट्या पेटवतात, तो धूर वेगळाच. इथं जो शिंकतो तो पाहुणा. (शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन, हे इथं माघात कुणी मनावर घेत नाही, नाहीतर एकाचंही लग्न लागलं नसतं.) मीही आधी पुष्कळ शिंकलो. देठ खुडायला बसलो तर डोळे गेले, गोण्या भरायला गेलो तर घसा गेला, म्हणून आता ट्रकवर गोण्या चढवतो. मुकादम म्हणतो, “तू काम करतोस की कामं बघत हिंडतोस?” मला एका जागी बसवत नाही, त्याला मी काय करू?

तर पापय्यामामा बसमधून उतरले ते शिंकतच. मी त्यांना तायारम्माच्या खाणावळीत नेलं. ही बाई आम्हा हमालांना पोटभर वाढते, जीव लावते आणि कुणाचं जरा दुखलं की दृष्ट काढते. पापय्यामामांचे डोळे बघून ती म्हणाली, “अगंबाई, एवढ्या देखण्या माणसाला कुणाची नजर लागली?” (डोळे तिचेही मिरचीनं गेलेत.) मीठ-मिरच्या ओवाळून तिनं चुलीत टाकल्या. आता ठसका लागला तर दृष्ट नाही आणि नाही लागला तर दृष्ट जबर, हे तुम्हाला सांगायला नको. तायारम्मानं हुंगलं. काही नाही. आम्ही सगळे ताटावर, कुणी मानसुद्धा वर केली नाही. “एकालाही ठसका नाही! फार वाईट नजर आहे हो!” म्हणत तिनं मूठभर टाकल्या, मग ओंजळभर. नजर पळू नये म्हणून दार लावलं. कोपऱ्यात पापय्यामामा खोकून खोकून वाकले होते, पण ज्याची दृष्ट काढायची त्याचा खोकला धरत नाहीत, असं तिचं शास्त्र. “बाई, मला नजर नाही, तुझी मिरची लागलीय!” असं ते ओरडले, तर ती आम्हाला म्हणाली, “बघा रे, आता नजर तोंडानं बोलायला लागली,” आणि सूपभर मिरच्या आणायला उठली. तेवढ्यात पापय्यामामांनी कडी काढली आणि अनवाणीच बस गाठली. चपला माझ्याकडे आहेत.

आता तुम्हीच न्याय करा. त्या धुरात मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. हा रोगी माणूस झाला का? खोकलो असतो तर क्षयाचा, नाही खोकलो तर राक्षस, असं कसं चालेल? छाती ठणठणीत आहे, हवा सोसते. नीलवेणी लग्न होऊन इथं आली की तीही सरावेल.

तुमचाच,
सिंहाद्री

ता. क. – शेवटचं वाक्य खोडलं असं समजा. तिला इथं आणायचं नाही. काल तायारम्मानं विचारलं, “आमटी करपली का रे?” मी पातेल्यात तोंड घातलं. मामा, मला वासच येईना. मग साबण हुंगला, उदबत्ती हुंगली, कंदिलाचं रॉकेल हुंगलं, शेवटी माझाच सदरा. कशालाच काही नाही. तुमच्या बागेत मला काम द्या. काजू वेचीन, कुंपण घालीन. फक्त बी भाजायच्या भट्टीवर नको. धूर मला सोसतो असं मी म्हणालो, तरी ऐकू नका.

आणखी ता. क. – पत्र टपालात टाकलं नाही, बरोबर घेऊन आलो. हे तुमच्या ओट्यावर बसून लिहितोय. तुम्ही बाहेर आलात की हातात देईन, कारण तोंडानं मला जमणार नाही. आत मामी मासे तळताहेत, असं नीलवेणी खिडकीतून सांगून गेली. मी केव्हाचा नाक वर करून बसलोय. मुलगी द्या की नका देऊ, पण तो वास येईपर्यंत मला इथून उठवू नका.