चुण्यांचा तंबू

प्रिय दादा,

मी मैत्रिणीकडे गेलेली नाही. वाळवंटातल्या राखीव उद्यानात आले आहे, जिथे "या वयात एकटीने जायचं नाही, विषय संपला" असं तू म्हणाला होतास. विषय संपला नव्हता. मी दुकानात पडद्याच्या जाड कापडाचा तंबू शिवत होते.

पण जन्मभर पडदे शिवलेल्या हातांची सवय जाते कुठे? तंबूच्या भिंतींनाही चुण्या घालून बसले! काल वारा सुटला, चुण्यांमध्ये शिरला, आणि तंबू टम्म फुगून मला घेऊनच निघाला. मी दोरीला लोंबकळत खदाखदा हसतेय आणि मागून रखवालदार ओरडतोय, "मावशी, सोडा! गेला तर जाऊ दे!" सोडते कशाला? शेवटी तोही दुसऱ्या दोरीला लटकला, तेव्हा कुठे स्वारी खाली बसली.

मग वाळूत बसून सगळ्या चुण्या उसवल्या. आत दडलेलं कापड मोकळं झालं आणि तंबू असा ऐसपैस झाला, की दोघं पाय पसरून झोपतील.

लहानपणी खाटेवर चादर टाकून आपण असेच आत बसायचो. "बाहेर वाळवंट आहे" असं सांगायचास तूच. आता खरंच आहे रे, आणि सकाळी चक्क गुलाबी दिसतं.

हे पत्र टाकत नाही. टाकलं तर तू उलट टपाली "नको" कळवशील. त्यापेक्षा परत आले की तंबू तुझ्याच बैठकीच्या खोलीत उभारते. आत आडवा हो आणि मग माझ्यासोबत इथे यायला नाही म्हणून दाखव.

तुझी मुळीच न ऐकणारी,
धाकटी