पुढच्या बाजाराला

हरसूल, ५ मे

ती. मीनाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं बरं चाललंय म्हणते, म्हणून पत्राची अट तूच घातलीस. तर खरं वाच. बरं चाललेलं नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या आम्हा मुलींना महिनाभर इथल्या दवाखान्यात काम शिकायचंय. ड्रेसिंगला पुन्हा बोलवायच्या पेशंटचं रजिस्टर माझ्याकडे. प्रत्येकाला सुवाच्य अक्षरात तारखेची चिठ्ठी देते. बारा जणांना दिली, आले दोघं. धोंडाबाई म्हणून एक आजी आहेत. करवंदं काढताना पायात काटा मोडला, त्यात अंगात साखर. जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना दोन तारखेला बोलावलं होतं, अजून पत्ता नाही. पाडा लांब, फोन लागत नाही. मला फार भीती वाटते. हे काम माझ्याच्यानं होणार नाही. परत येऊ का?

तुझी,
तृप्ती

देवळाली कॅम्प, ७ मे

चि. तृप्तीस,
अ. उ. आ.

येऊ नकोस. तुझ्या पलंगावर मी कुरडयांचे डबे मांडलेत.

तीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली पहिली दोन रडण्यात गेली. पाहुणे जेवायला आले नाहीत, तर आपण आमंत्रण कसं दिलं होतं ते आधी बघावं. त्यांच्या घरात कॅलेंडर आहे का, विचारलंस? आठवडे बाजाराला सगळे पाडे खाली उतरतात. तिथे एक चक्कर मार, आणि डोक्यावर टोपी घाल. जेवतेस ना वेळेवर?

तुझी काळजी करणारी, पण कबूल न करणारी,
मीनाआत्या

हरसूल, ११ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाजाराच्या आदल्या दिवशी मिळालं. धोंडाबाई करवंदांच्या पाटीमागे बसल्या होत्या, पायाला चिंधी बांधून. माझी चिठ्ठी त्यांनी कनवटीला जपून ठेवली होती. वाचून घेईस्तोवर दिस निघून गेला, मंग डाक्टर वरडंल म्हून आले नाय, असं म्हणाल्या. माझी मलाच लाज वाटली.

पाटी संपल्याशिवाय त्या उठेनात. मग मीच शेजारी बसून द्रोण भरभरून करवंदं विकली. तू म्हणतेस मला भाजी घेता येत नाही, पण विकता येते बरं का. पाटी संपली तशी त्यांना दवाखान्यात नेलं. जखम वाईट आहे. अंगठा राहील की जाईल, ते दोन बाजारांत कळेल.

आता कुणालाच तारीख देत नाही, पुढच्या बाजाराला या म्हणते. मधलं ड्रेसिंग पाड्यावर जाणाऱ्या नर्सताई करतात. माझ्यासाठी देवापुढे दिवा लाव.

तुझी,
तृप्ती

हरसूल, ३१ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अंगठा वाचला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी धोंडाबाईंच्या गळ्यातच पडले. आज त्या स्वतःच्या पायांनी आल्या, आणि येताना न बोलावलेले तिघं पेशंट घेऊन आल्या. रजिस्टरातले बाराच्या बारा येऊन गेलेत. इतका आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता.

आज माझा शेवटचा दिवस. परत कवा येशील, असं त्यांनी विचारलं. आमची पुढची पाळी नोव्हेंबरात इथेच आहे, म्हणून मी सवयीनं पंधरा नोव्हेंबर म्हणाले. त्यांनी मान हलवली. तारीख नगं बाये, बाजार सांग, म्हणाल्या. मग आम्ही दोघी पायरीवर बसून बोटं मोजत राहिलो. चोविसावा बाजार निघाला. तवर नवी नागली येल, भाकर ठिवते, असं म्हणाल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागल्या. जराही लंगडत नव्हत्या.

उद्या येतेय, पलंगावरचे डबे हलव. लोभ निदान चोवीस बाजार पुरेल इतका असू दे.

तुझी,
तृप्ती