जंबेरीवरची मोसंबी

दादा,

बाबांनी अन्न सोडलंय. माणसंही ओळखू येत नाहीत. मोसंबीची फोड तेवढी तोंडात घेतात आणि थुंकतात.

त्यांच्या जुन्या मोसंबीचे डोळे कलम करायला आपण दोघांनीही नेले होते. तू ते आंबट नारिंगाच्या खुंटावर बांधलेस आणि वाट बघत बसलास. मला कुठला धीर! मी जंबेरी लिंबाचा खुंट धरला. झाड भराभर वाढलं, आणि मी तुला चिडवत राहिले, "तुझी मोसंबी तुझे नातूच खातील." आता माझी फळं दिसायला टपोरी आहेत, पण साल ही जाड आणि रस पाणचट.

आज बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे राहू द्या. माझ्या मुलीच्या झाडाचं आणा, ते गोड असतं."

मी त्यांच्या उशाशीच बसले होते रे.

दादा, तुझी टोपलीभर मोसंबी पाठव. माझ्या झाडाची म्हणून मी ती त्यांना भरवीन. एवढं खोटं मला पचेल.

पण हे पत्र मी टाकणार नाही. फळं घेऊन तू स्वतःच धावत येशील, मी ओळखून आहे तुला.

आणि तुला ते ओळखतील.

तुझी,
उतावळी