ऑर्विनच्या बंपरचं वजन

मॉट, नॉर्थ डाकोटा
११ मे २००९

प्रिय लायल भावोजी यांस,
आर्डिथ वहिनीचा स. न. वि. वि. प्रभूच्या कृपेने मी ठीक. डार्लीनचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा करते.

एकवीस जूनला कॅरिनच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा ठरला. मी तीन महिने ओरेगॉनला लेकीजवळ राहणार. दोन खोल्यांत ती चौघं, त्यात मी पाचवी नको. तेव्हा आमच्या पिकअपच्या हौद्यात कॅम्परची खोली बसवून माझं बिऱ्हाड मीच घेऊन जाते आणि तिच्या दारात उभं करते. मुलं सांभाळीन, निजायला माझ्या घरी येईन.

तुम्ही तुमचा मोठा कॅम्पर देऊ केलात, हा तुमचा चांगुलपणा. पण ड्रायव्हरच्या दारावर स्टिकर आहे. त्यावर माणसं आणि सामान मिळून १,४८० पाउंडांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. तुमचा कॅम्पर पुस्तिकेतच १,९०० पाउंडांचा. मी अजून गाडीत बसलेही नाही आणि चारशेवीस जास्त झाले. म्हणून नको. रूबार्बचा मुरंबा दोन बाटल्या पाठवते आहे, तो मात्र घ्या.

तुमची,
आर्डिथ वहिनी

*

माइल्स सिटी, मोंटाना
१६ मे

प्रिय वहिनी,
नमस्कार. मुरंबा मिळाला, एक बाटली संपली. डार्लीन म्हणते साखर कमी आहे, तरी चमचा तिच्याच हातात होता.

आता कामाचं. मी तीस वर्षं ट्रक चालवले, आणि मला वजन शिकवणार चर्चच्या महिला मंडळाच्या खजिनदारीणबाई. अहो, दारावरची स्टिकरं वकिलांसाठी असतात. याच गाडीतून आमच्या ऑर्विननं टनभर बार्ली गावच्या धान्यकोठारावर नेलेली मी पाहिली आहे. अर्धं मोंटाना अर्ध्या टनाच्या म्हणवणाऱ्या पिकअपवर असले कॅम्पर घेऊन हिंडतं. मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या लावल्या की गाडी खाली बसत नाही, संपला विषय.

पिशव्या मी आणलेल्या आहेत. सहा जूनला येतो, कॅम्पर चढवून देतो. ते पसंत नसेल तर विमानानं जा. गाडी इथल्या एकाला हवी आहे, त्याच्याशी मी बोलून ठेवलंय. या वयात एकटीनं बाराशे-तेराशे मैल हाकायचे, आणि वर स्टिकर वाचत बसायचं, हे आमचा ऑर्विन असता तर त्याला पटलं नसतं.

तुमचाच,
लायल

*

मॉट
२३ मे

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला म्हणून दुसऱ्यांदा.

गाडी माझ्या नावावर आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला तसं कळवा.

ऑर्विननं टनभर बार्ली नेली खरी. सपाट रस्त्यानं तीन मैल, वीसच्या वेगानं, आणि त्या उन्हाळ्यात मागचा टायर फुटला होता. तुम्ही तेव्हा हसला होतात. मला वाटेत ब्यूटचा घाट उतरायचा आहे. पिशव्यांनी गाडीची पाठ वर राहील, पण ब्रेक, टायर आणि धुरा तेच राहणार. गळ्याला पट्टा बांधला म्हणून म्हातारा बैल तरणा होत नाही.

टोलेफसनबाईंकडे छत खाली दुमडणारा लहान कॅम्पर होता, तो मी घेतला. पुस्तिकेत ८७० पाउंड. पुस्तिकेतलं वजन म्हणजे लग्नाच्या फोटोतली कंबर. मी पाणी, गॅस, बॅटरी घालून तो गावच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर ठेवला, तर १,१७५ भरला. त्यात मी आणि माझे कपडे-धान्य धरून १,४४३. स्टिकरच्या आत बसलं म्हणून देवाचे आभार मानले आणि तेवढ्यात काटेवाल्या ग्लेननं म्हटलं की रिकामी गाडीही तोलून घ्या.

ती तोलली. टाकी भरून गाडी कारखान्यातून आली तेव्हापेक्षा २२० पाउंड जड. म्हणजे मला १,४८० नाहीत, १,२६०च मिळतात. पुन्हा १८३ जास्त.

हे दोनशेवीस कसले, ते उभ्या उभ्या कळलं. हौद्यातली ऑर्विनची पोलादी पेटी आणि हरणांच्या धडकेसाठी बसवलेला पुढचा लोखंडी बंपर. स्टिकरला ते ठाऊकच नाही.

पुढच्या शनिवारी मी दोन्ही काढते आहे. सहा जूनला येऊ नका.

तुमची,
आर्डिथ

*

माइल्स सिटी
२८ मे

वहिनी,
तो बंपर आम्ही दोघा भावांनी जानेवारीत, उणे तीस अंशांत, तुमच्या घरच्या कोठारात जोडला. डाव्या टोकाचा वेल्ड माझा आहे, जरा वाकडा. त्यानं तो कधी घासून सारखा केला नाही. म्हणाला, असू दे, त्यावरून तू ओळखू येतोस.

तुम्ही कॅरिनकडे चाललात की त्याला पुसून टाकायला, हे एकदा ठरवा. बंपर काढलात तर माझ्या फाटकाशी थांबू नका.

लायल

*

टिलामूक, ओरेगॉन
२४ जून

प्रिय लायल भावोजी यांस,
स. न. वि. वि. रविवारी बाप्तिस्मा झाला. मुलगी रडली, मुलगा पाद्रीबुवांच्या बाहीवर ओकला. कॅरिन आता दुपारी दोन तास झोपते. मी कॅम्परमध्ये राहते, गॅसवर ओट शिजतात, पाऊस पडला की छताचं कापड वाजतं.

बंपर काढायला पूर्ण दिवस लागला. बोल्ट गंजले होते. ग्लेन यायला तयार होता, मी नको म्हटलं. डाव्या टोकाशी आले तेव्हा वाकडा वेल्ड दिसला. इतक्या वर्षांत मी तो पाहिला नव्हता. खाली बसले, प्रार्थना केली, मग उठून उरलेले दोन बोल्ट सोडवले. घरच्या कोठारात पडलेला मूळ बंपर लावला. सगळं सामान भरून, मी आत बसून, पुन्हा काट्यावर गेले. मर्यादेच्या सदतीस पाउंड आत. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेकला वास आला नाही.

तुम्ही थांबू नका म्हणालात म्हणून तुमच्या फाटकाशी थांबले. हॉर्न दिला. डार्लीन बाहेर आली, तुम्ही मागच्या शेडमध्ये निघून गेल्याचं तिनंच सांगितलं. सँडविच बांधून देताना तिनं आणखी एक सांगितलं. आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतःचा कॅम्पर चढवून ट्रकथांब्यावरच्या काट्यावर गेला होतात, आणि आल्यापासून आकडा कुणाला सांगत नाही. तिला सांगा, भावोजी. ती शेजारच्या सीटवर बसते.

तुमच्या विचारण्याचं उत्तर देते. एकेचाळीस वर्षं मी ऑर्विनच्या बाजूच्या सीटवर बसले, आणि त्याला पुसणं मला जमणार नाही, मनात आणलं तरी. पण तो गेला, आणि त्याचं लोखंड माझी जागा अडवून बसलं होतं.

पेटी आणि बंपर घरच्या कोठारात ताडपत्रीखाली आहेत, किल्ली ग्लेनकडे. दोन्ही तुमचे. घेऊन जा, तुमच्या शेडमध्ये वाकडा वेल्ड दिसेल असे टांगा. मात्र मी परतल्यावर ते पुन्हा गाडीला जोडायला येऊ नका. त्या दोनशेवीस पाउंडांत आता मी राहते.

रागासकट लोभ ठेवा, मी माझा ठेवलाच आहे.

तुमची,
आर्डिथ वहिनी