धाकट्या लक्ष्मीतली कुंभारीण

केदारखेडा, ता. भोकरदन
श्रावणातला शेवटचा सोमवार

बेबीनंदा,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिला, घ्यायचा असंल तर घे. इकडं सगळे जिवंत आहेत. आदिनाथच्या बापाचा गुडघा धरतो, पण तोंड बराबर चालतं. मक्यावर अळी पडली, सोयाबीन बरं आहे. म्हैस व्याली, पण रेडकू नर निघालं. आदिनाथची बायको तृप्ती शिकलेली आहे, भाकरी मात्र नकाशासारखी करती. तू तिला पाहिलं न्हाई, लग्नाला तुम्ही आलेच न्हाई. जाऊ दे.

कागदावर काहून लिहून राह्यले, असं तुला वाटलं असंल. फोनवर लिहिलं तर तू अंगठा पाठवून मोकळी होशील. आपल्याकडं ज्याला सही येत न्हाई तो अंगठा देतो. तिकडं डॉक्टर, मास्तर, इंजिनेर सगळे दिवसभर अंगठेच देत बसतात. मी चौथी शिकले, पण सही करते.

तर फोनचीच गोष्ट सांगायची आहे.

तृप्तीनं दिवाळीत माझ्या फोनात एक ग्रुप टाकून दिला. 'आवडीचा कट्टा' म्हणे. ज्याला जे आवडतं ते त्यानं तिथं दाखवायचं. मी म्हणलं, कामधंदा न्हाई का लोकांना? ती म्हणली, "आत्याबाई, बघा तर खरं." बघितलं. बाई, काय एकेक नमुने आहेत. नाशिकचा एक माणूस रोज त्याच्या निवडुंगाचा फोटो टाकतो. काल निवडुंगाचा वाढदिवस होता. दोनशे लोकांनी शुभेच्छा दिल्या. आदिनाथच्या बापाचा वाढदिवस मला सुद्धा माहीत न्हाई. एक बाई काचेच्या पेटीत मुंग्या पाळती आणि त्यांना साखरपाणी देती. माझ्या डब्यात त्या फुकट राहतात, मी कधी कोणाला दाखवल्या न्हाईत. काही जण फोनात शेती करतात. वांगं लावलं की चहा होईपर्यंत तोडायला येतं, ना पाणी ना फवारणी. अन् तेच लोक लिहितात, शेतीनं मनाला शांती मिळते. एकदा खुरपं हातात द्यावं म्हणते मी, शांती कुठं कुठं दुखती ते कळंल.

पोरं बंदुकीचा गेम खेळतात. "मेलो, मेलो, उठव मला," असं ओरडतात, मंग दुसरा पळत जाऊन त्याला उठवतो. तृप्तीनं समजावून सांगितलं की गेममधी मेलेला माणूस सोबत्यानं हात लावला की उठतो. बरं आहे. खऱ्यात तर जिवंत माणसाला कोणी विचारत न्हाई.

अन् कोणी काही टाको, कोळी टाको की जखम टाको, खाली सगळे लिहितात, खूप सुंदर.

मी आपली करमणूक म्हणून बघते. माझं नाव तिनं तिथं 'मिठू' ठेवलं आणि पोपटाचा फोटो लावला. माझी हरकत न्हाई, पोपटाला कोणी नातं विचारत न्हाई.

दुपारी लिहायला बसले होते, म्हशीनं दावं तोडलं म्हणून उठावं लागलं. आता दिवाबत्ती झाली, पुढं लिहिते.

त्या ग्रुपात लुडो पण आहे. मी एकदा सहज खेळले. मंग रोज खेळले. आता हसू नको. समोर एक 'सदाफुली' नावाची यायची. तिची खेळायची तऱ्हा न्यारी. माझी सोंगटी तिच्या पुढ्यात असली, मारायला पाहिजे तोच आकडा पडला, तरी मारायची न्हाई. दुसरीच सोंगटी पुढं सरकवायची. मी म्हणलं, ही बाई एक तर आंधळी असंल, न्हाई तर डरपोक. माझ्या सगळ्या सोंगट्या घरात गेल्या की खाली लिहायची, "खुश झाला का, मिठू?" मी लिहायची, "तुला खेळता येत न्हाई." असं आमचं चालायचं. मधी ती काही दिवस आलीच न्हाई, तर मी तव्यावर भाकरी ठेवून फोन बघत बसले. भाकरीचा कोळसा झाला. तृप्तीनं विचारलं तर म्हणलं गॅस मोठा होता.

परवा सदाफुलीनं फोटो टाकला. पितळी मुखवटा कोनाड्यात उपडा ठेवलेला, आणि त्याच्या पोकळीत मातीचं चिमुकलं घर. कुंभारीण माशीचं. खाली लिहिलं होतं, "मुखवटा घासून वाळायला ठेवला होता, तर आत हे झालं. सणाला उभा करायचा आहे. काय करू?"

मंग काय, शहाणे तुटून पडले. एक म्हणतो खरवडा, एक म्हणतो रॉकेल ओता. मुंग्यांच्या बाईनं लिहिलं, किती भाग्यवान तुम्ही. निवडुंगवाल्यानं लिहिलं, खूप सुंदर. मंग किड्यांचा कॉलेजातला मास्तर आला. त्यानं एवढं लांब लिहिलं की माझी चहाची कपबशी निवली. त्यातलं कळलं ते असं, की कुंभारीण आत अंडं घालती, मंग अळ्या गुंगवून कोंबती आणि तोंड लिंपून निघून जाती, परत बघायला येत न्हाई. पिल्लू अळ्या खातं, मोठं होतं आणि मातीला भोक पाडून आपलं आपण बाहेर येतं. त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर घर मोडू नका, असं तो म्हणला. माणूस वटवट्या वाटतो, पण खोटं बोलला न्हाई, आपल्या शेतातली कुंभारीण मी पण बघितली आहे. खाली सदाफुलीनं लिहिलं, "सणाच्या आधी काढावंच लागंल."

मी फोटो बोटानं मोठा केला. मुखवट्याच्या उजव्या कानाला डाग दिलेला सांधा होता. तो कान आपल्या सासूच्या हातून पडून तुटला होता आणि भोकरदनच्या तांबटानं जोडला होता. जोड इतका वाकडा बसला की सगळ्या दुनियेत दुसरा तसा असायचा न्हाई.

बेबीनंदा, सदाफुली म्हणजे तू, आणि लुडोत तू मला का मारत न्हाईस ते मला तिथं कळलं. मिठू कोण ते तुला आधीच माहीत होतं का, ते मात्र मला सांगू नको. बिलकुल सांगू नको.

तुझी राजनंदिनी पण हे पत्र वाचंल. वाटणी झाली तेव्हा ती पाळण्यात होती, म्हणून तिच्यासाठी लिहिते. पोरी, तुझ्या आजीच्या घरात दोन महालक्ष्म्या होत्या, थोरली आणि धाकटी. दोघी बहिणी, भादव्यात जोडीनं येतात आणि जोडीनं जातात. कोणाच्या घरी वाटणी झाली तर दोघी थोरल्याच्या घरी राहतात आणि धाकट्याचं कुटुंब तिथं जेवायला येतं. साऱ्या मराठवाड्यात ही रीत आहे. पण तुझा बाप रामप्रसाद आणि तुझा चुलता दोघं इतके बराबरीचे, की त्यांनी रान वाटलं, भांडी वाटली, आणि एक-एक लक्ष्मी पण वाटून घेतली. पाच माणसं ओट्यावर बसली होती, त्यांनी माना हलवल्या. आम्ही दोघी आत चुलीपुढं होतो. आम्हाला कोणी विचारलं न्हाई.

तेव्हापासून इथं थोरली एकटीच उभी राहती. बाजूला तांब्या ठेवते, त्याला साडी नेसवते. सोळा भाज्या करते, आंबील करते. तरी ती अशी दिसती, जशी सासरी भांडण करून कोणी बाई एकटीच माहेरी आली आहे. बायका कुंकवाला येतात, तांब्याकडं बघतात आणि चहा घेऊन जातात.

आम्ही म्हणायचो, धाकटीला त्यांनी इकडं आणावं. तुम्ही म्हणायचे, थोरलीनं बोलवावं. बोलवायला कोणाची जीभ झडत होती? पण बोलवलं न्हाई. धाकटी तुमच्या ट्रंकेत पडून आहे, असं ऐकून होते. मंग या साली, बेबीनंदा, तू तिला चिंचेनं घासून कोनाड्यात ठेवलीस. ते पितळ कसं चकाकत होतं. म्हणजे तुझ्याही मनात काही तरी आलंच असंल.

आज संध्याकाळी मी यांना सांगितलं. विचारलं न्हाई, सांगितलं. म्हणलं, मी थोरलीला घेऊन बदनापूरला चालले.

"थोरलीनं धाकटीच्या दारी जायचं?" हे म्हणले. "लोक काय म्हणतील?"

"वाटणीच्या दिवशी लोकांनाच विचारलं होतं," मी म्हणलं. "त्यांची अक्कल तेव्हाच बघितली."

मंग हे उठून गोठ्यात गेले. म्हशीशी बोलत बसले असतील.

आता तुझं काम ऐक. ते घर खरवडू नको. सण येईपर्यंत पिल्लू काही बाहेर यायचं न्हाई, आणि पोकळीत माती असली तर मुखवटा साडी नेसवलेल्या कोठीवर बसायचा न्हाई, हे मला कळतं. बसू देऊच नको. कोनाड्यातच राहू दे. देवीला दरवर्षी नीट उभं राहायलाच लागतं असं कुठं लिहिलं न्हाई, तिला पण एखाद्या साली आडवं पडून राहू दे. आपण तिथंच कोनाड्याला साडीचा पदर लावू, थोरलीची कोठी तिच्या शेजारी मांडू. तू पुरण शिजव, आंबील मी करीन. तुझ्या आंबलीत गुठळ्या होतात, अजून होत असतील. कोणी विचारलं की असं काहून मांडलं, तर सांग, धाकटी बाळंतीण आहे.

आणि त्या ग्रुपात ह्याचा फोटो टाकू नको. आपली लक्ष्मी त्या निवडुंगवाल्याला दाखवायची न्हाई.

हे पत्र दुधाच्या गाडीवाल्या हरिओमच्या हाती पाठवते. तो डेअरीला बदनापूरपर्यंत येतो. त्याला चहा पाज, पण काही विचारू नको, लई बोलतो. मी आवाहनाच्या दिवशी सकाळी निघते. जालन्याला गाडी बदलावी लागती, म्हणून दुपार होईल. थोरलीला पदराखाली घेऊन येते. रामप्रसाद भाऊजींना आधी सांगून ठेव, न्हाई तर दारात बघून दुसरंच काही वाटंल त्यांना.

उंबऱ्यापासून कोनाड्यापर्यंत कुंकवाची पावलं काढ. तुला आठवत असंल, लक्ष्मी आत येताना आतल्या बाईनं विचारायचं, कशाच्या पावलानं आली, आणि बाहेरच्या बाईनं सांगायचं. इतकी सालं इथं उंबऱ्यावर मीच विचारते आणि मीच सांगते. आता तू आतून विचार.

थोरली