आंबिया आंब्यात गेला

अमरावती,
डिसेंबर २००७

प्रिय स्वप्निल,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडायला निघाले होते, पण बाबांनी लहानपणी शिकवलेली पत्राची पद्धत हातातून जात नाही, म्हणून राहू दिला. त्यावरून माझा राग उतरलाय असं समजू नकोस. तुझा अहवाल वाचल्यापासून मी घरात भांडी आपटतेय आणि आई विचारतेय, “काहून वं, कोनावर चिडून राह्यली?” तिला काय सांगू, तुझ्या लाडक्यावर? आणि हो, हे पत्र तुझ्या आताच्या शुद्ध मराठीत लिहितेय. ऑफिसात वाचताना मागून कोणी डोकावलं तरी तुला लाज वाटायला नको.

एप्रिलात तू आमच्या फळांच्या कंपनीत सर्व्हर बसवायला आलास तेव्हा मी किती मिरवले होते ते आठवतंय? मॅनेजर गोवर्धन साहेबांना मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, पुण्याहून येणारा माणूस माझा धाकटा भाऊ आहे म्हणून. आपण दोघांनी मिळून ती जुन्या कॅरेटची खोली झाडून घेतली, एसी लावला, युपीएस लावला. डेटाबेस चढवता चढवता लाइट जायची, जनरेटर सुरू होण्याआधीच युपीएस संपून सगळं बंद पडायचं, आणि तू न वैतागता पहिल्या सीडीपासून पुन्हा सुरू करायचास. मला कौतुक वाटायचं. मी इथल्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख असून तू मला पहिलीतल्या पोरीसारखं समजावत होतास, तेही गोड वाटायचं. उद्घाटनाला लाल दिव्याच्या गाडीतून कोणी साहेब आले. त्या दिवसांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडाची कीव करायला येणाऱ्यांची रीघच लागली होती. ‘संकटातल्या वऱ्हाडाला आधुनिक नियोजन’ असा बॅनर लागला, तू माईकवर बोललास, आणि मी मोर्शीच्या नातेवाइकांना फोन करून करून सांगितलं.

त्या आठवड्यात तू कोणाचा डबा खाल्लास, तेही आठवून बघ. उज्माचा. अकोल्याच्या जुन्या शहरातली पोरगी, इथे खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून आमच्याकडे डेटा ऑपरेटरची नोकरी करते. ती काही गरीब गाय नाही. दिवसभर तोंड सुरू असतं, माझ्याशी रोज एकदा तरी वाद घालते, आणि उशिरा येण्याची कारणं तर अशी शोधते की ऐकत राहावं. पण तुझ्यासाठी ती खालाच्या मागे लागून खिमा करून आणायची. आधी तुला सर म्हणायची, मग भैया म्हणायला लागली. आणि तू बोटं चाटत म्हणायचास, ताई, ही पोरगी आहे म्हणून मी इथे टिकलोय.

मालाची यादी तिच्याकडूनच भरून घेतलीस. कोणतं फळ कोणत्या महिन्यात येणार, किती कॅरेट लागतील, मोर्शीला ट्रक कधी पाठवायचे, शीतगृह किती थंड ठेवायचं, हे सगळं तुझं सॉफ्टवेअर त्या यादीवरून ठरवणार होतं. प्रत्येक फळाचा एक गट, आणि प्रत्येक गटाचं एक कॅलेंडर. उज्माने नावं लिहिली, इथे जशी बोलतात तशीच. आंबिया. मृग. आपल्याकडे आंबिया म्हटलं की पुढे संत्रं म्हणायची गरज पडत नाही. आंबिया बहार म्हणजे दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येणारं संत्रं, मृग बहार म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारं. मोर्शीत जन्मलेल्या माणसाला हे मी कागदावर लिहून सांगतेय, यातच सगळं आलं. तर नावांच्या पुढचा गटाचा रकाना बघून तिने तुला विचारलं, “भैया, ह्याच्यात का भरू?” माझ्या समोर विचारलं, स्वप्निल. आणि माझ्याच समोर तू म्हणालास, तो रिकामा ठेव, गट आम्ही पुण्यात लावू.

पुण्यात लावले. तिथल्या पोरांना मृग म्हणजे काय ते कळेना, म्हणून त्यांनी उज्माला फोन करून विचारलं, तुम्ही हरणाचं पण काही करता का? ती दोन दिवस हसत होती. त्यांनी मुकाट्याने मृग संत्र्यात टाकला. आंबिया मात्र त्यांना आपोआप ‘कळला’, त्यामुळे तो विचारावासाच वाटला नाही. आंबिया सरळ आंब्यात गेला. हापूस आणि केसरच्या मध्ये जाऊन बसला.

मग ऑक्टोबर आला. मोर्शीच्या बागांत आंबिया पिवळा व्हायला लागला आणि आमच्या स्क्रीनवर सगळं शून्य. कॅरेटची मागणी नाही, ट्रक नाही, तोडणीची माणसं नाहीत. सॉफ्टवेअरच्या लेखी आंब्याचा मोसम संपला होता आणि मृगाच्या संत्र्याला अजून अवकाश होता. पूर्वी तोडणी सुपरवायझर डोमाजी एका फोनवर ट्रक हलवायचे. पण साहेबांनी फर्मान काढलं होतं, कॉम्प्युटरच्या चिठ्ठीशिवाय एकही कॅरेट हलणार नाही, एवढा खर्च करून आणलंय तर ते वापरायचं. डोमाजी माझ्या टेबलाशी येऊन ओरडले, “संत्रं झाडावर पिवयं होऊन राह्यलं अन् तुमचा डब्बा मने माल नाई! तो डब्बा बागेत नेऊन दाखवा एकडाव!” मला अपमान वाटला, कारण तो डबा माझ्या भावाने बसवला होता. मी त्यांनाच सुनावलं, काका, जरा धीर धरा. मग मी तुझ्या कॅलेंडरात चूक शोधत बसले, परवानग्या तपासल्या, सर्व्हर बंद करून सुरू केला. यादीतले गट बघायचं सुचलंच नाही. तू लावलेत म्हटल्यावर ते बरोबरच असणार ना! शेवटी आंब्याच्या गटात आंबिया दिसला तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. दुरुस्ती चहा पिऊन होईपर्यंत झाली. पण फळ कोणासाठी थांबत नाही. झाडांखाली सडा पडला होता, आणि उरलं होतं ते बागवाल्यांनी मिळेल त्याला देऊन टाकलं. आमच्या कंपनीवर त्यांनी विश्वास टाकला होता. आता कंपनीची जीप दिसली की ते फाटक लावून घेतात.

त्या दिवशी मी तुला फोन केला. आधी तू पोट धरून हसलास. मग जे बोललास ते मी विसरूच शकत नाही. तू म्हणालास, ताई, मी पाहिलं होतं. मीटिंगमध्ये भिंतीवर सगळी यादी लावली होती, आंबिया आंब्यात दिसला होता. मी म्हटलं, मग? तू म्हणालास, सगळे वरचे लोक बसले होते, त्यांच्यासमोर आंबिया म्हणजे काय हे सांगत बसलो असतो तर झालं असतं पुन्हा सुरू, आला वऱ्हाडी, आला मले-तुले. वाटलं नंतर बदलू. राहून गेलं. मला तेव्हाही राग आला, पण खरं सांगते, त्याहून जास्त वाईट वाटलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर तुला ‘मले’ म्हणून हाक मारायचे, आणि सुट्टीत घरी आल्यावर तू आईलाही ‘मला’ म्हणायला लागला होतास, ते मी पाहिलंय. म्हणून मी फोनवर तुला समजावलं. म्हटलं, चुका होतात, कंपनीला सांगून टाक, मोकळा हो. तू हो म्हणालास. मला वाटलं, सांगशील.

आणि तू काय लिहिलंस? ‘स्थानिक ऑपरेटरने यादीतील गटाचा रकाना रिकामा ठेवला, तसेच आंबिया हे दिशाभूल करणारे नाव वापरले.’ खाली तुझी सही. दिशाभूल! ज्या शब्दावर आपला सगळा मोर्शी तालुका जगतो तो शब्द तुला दिशाभूल करणारा वाटला? आंबियाच्या तोडणीला शाळा बुडवून मामाच्या बागेत पळणारा पोरगा कोण होता रे? तुझ्या त्या एका शब्दाचं इथे काय झालं ते ऐक. गोवर्धन साहेबांनी अहवाल वाचला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली की दिशाभूल म्हणजे मुद्दाम केलेली. ‘त्या लोकांचे’ फळबाजारात व्यापारी आहेत, पडलेला माल कोणी उचलला ते बघा, पोरीने आतून मदत केली असेल. उज्माचा फळबाजाराशी काही संबंध नाही. तिचे वडील इनायतुल्ला चाचा अकोल्यात कुलपं दुरुस्त करतात. पण संबंध लावायचाच म्हटल्यावर तो लागतो. कालपर्यंत तिच्या डब्यातलं खाणारे आज जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतात.

चौकशीची नोटीस आली तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्याशी वाद न घालता उभी राहिली. म्हणाली, “मीनं आंबियाच लिवलं होतं न मॅडम. त्यायले आंबिया मालूम नाई तं मी का करू? आन् भैयाले तं मालूम होतं!” ती अजून तुला भैयाच म्हणते. चाचा अकोल्याहून आले, टोपी हातात धरून साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहिले. मला म्हणाले, “पोट्टी कामात कच्ची असन तं काढून टाका मॅडम, मी काईच नाई म्हनत. पन मुद्दाम केलं असं कागदावर नोका लिवू. मंग तिले कोन ठेवन कामावर?” मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार होते?

स्वप्निल, आपल्या घरात हे नवीन आहे का? बाबांच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत फाइल हरवली की आडनाव बघून पहिली नजर कोणाकडे जायची? बाबा घरी येऊन नुसते पाय धुवत बसायचे, धुऊन झाले तरी धुतच राहायचे. फाइल दुसऱ्याच्याच कपाटात सापडायची आणि कोणी त्यांना साधं ‘माफ करा’ही म्हणायचं नाही. तू तेव्हा दहावीत होतास. मोठा होऊन असं करणाऱ्याची गचांडी धरीन म्हणून दात खायचास. आता ज्याची गचांडी धरायची तो पुण्यात बसून शुद्ध मराठीत अहवाल लिहितोय. मला तुझी चीड येते, आणि माझीही येते, कारण मी अजूनही मनातल्या मनात तुझ्यासाठी सबबी शोधते. कंपनी तुला जर्मनीला पाठवणार आहे, ते डोक्यात असेल, वरच्यांनी लिहायला लावलं असेल, घाबरला असशील. असशील घाबरला. म्हणून उज्माला पुढे ढकलायचं?

तुझा फोन मी किती वेळा लावला ते तुझ्या फोनवर दिसतच असेल. उचलत नाहीस, आणि ऑफिसच्या मेलवर हे लिहिणं बरं नाही, म्हणून पत्र. आज दुपारी चौकशीत मी सगळं सांगून टाकलं. रकाना रिकामा ठेवायला माझ्या भावाने सांगितलं, आंबिया आंब्यात गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला आणि तोंड उघडलं नाही, हे त्याने मला स्वतः फोनवर सांगितलं. मग गोवर्धन साहेब हसून म्हणाले, बाई, भावाची सही एक सांगते आणि तुम्ही दुसरंच सांगता. सोमवारी त्याला सगळ्यांसमोर फोन लावू. तो नाही म्हणाला तर त्या पोरीबरोबर तुम्हीही घरी जायचं. मी म्हटलं, लावा. आई-बाबांना यातलं काही माहीत नाही, घर माझ्या पगारावर चालतं हे तुला माहीत आहे. तुला धमकी देत नाही आणि तुझी परवानगीही मागत नाही. तुला अचानक गाठलं असं व्हायला नको, एवढ्यासाठी हे आजच्या ट्रॅव्हल्सने ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. खरं बोललास तर तुझं जर्मनी बहुतेक जाईल. त्याचं मला खरंच वाईट वाटेल, मी रडेनही. फोन स्पीकरवर असेल आणि उज्मा त्याच खोलीत, दाराजवळच्या खुर्चीत बसलेली असेल. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोल.

अजून तरी तुझीच,
ललिताताई